दुसऱ्याच्या दमाने घाट चढताना

सोमवार, नागपूर

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये काल मी माझ्या वेळेसाठी धावलो नाही; मिलिंद आणि वैशालीताई या दोघांचा पेसर, म्हणजे ठरल्या वेळेत पोहोचवण्यासाठी सोबत वेग सांभाळणारा, म्हणून धावलो. दोघांनाही २१.१ किलोमीटर अडीच तासांत पूर्ण करायचे होते. सपाट रस्त्यावर याचा हिशेब सोपा आहे, किलोमीटरला सात मिनिटे आणि सहा-सात सेकंद. पण साताऱ्यात गावातला रस्ता संपला की यवतेश्वरचा घाट सुरू होतो, तो कासच्या दिशेने चढतच जातो आणि परतीचा मार्ग त्याच घाटातून खाली येतो, त्यामुळे हा सरासरीचा आकडा प्रत्यक्षात क्वचितच उपयोगी पडतो. म्हणून मी कागदावर वेगळी मांडणी केली होती: गावातले अंतर किलोमीटरला सव्वासात मिनिटांच्या वेगाने, चढ आठ मिनिटांच्या किंचित आत, उतार साडेसहाने. म्हणजे जाताना एक तास वीस मिनिटे आणि येताना एक तास दहा. चढावर वेग जपायचा नसतो, श्रम जपायचे असतात, आणि ते दुसऱ्याचे श्रम असतील तर घड्याळापेक्षा त्याच्या श्वासाकडे कान लावावा लागतो.

आपल्या नागपूरकरांपुढे खरी अडचण सरावाची असते. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आणि बहुतांशी सपाट. चढ म्हणावा असा रस्ता हवा असेल तर सेमिनरी हिल्सवाचून गत्यंतर नाही. जपानी गार्डनजवळचा चढ आम्ही पावसाळाभर पुन्हा पुन्हा चढलो आणि मधल्या काही रविवारी रामटेकला जाऊन गडाच्या पायऱ्याही केल्या. हे छोटे चढ फुप्फुसांना तयार करतात, यात शंका नाही. मात्र ते काही मिनिटांत संपतात, आणि तासभर न संपणारा चढ मनाला काय करतो हे ते शिकवू शकत नाहीत.

सुरुवातीचे तीन किलोमीटर पेसरच्या दृष्टीने सर्वांत अवघड असतात, असे माझे ठाम मत झाले आहे. हजारो लोक एकाच वेळी निघालेले, दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारे सातारकर, अंगात नवा जोर. अशा वेळी मागे राहायला सांगणारा मित्र कोणालाच आवडत नाही. मिलिंद दोनदा पुढे निसटला आणि दोन्ही वेळा मी त्याच्या दंडाला हात लावून त्याला मागे घेतले. ‘काहून अडवून राहिला बे? पाय मोकळे आहेत माझे,’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘घाटात मोकळे ठेव, मग तुला कोणी अडवणार नाही.’ तो चिडला होता, पण थांबला, आणि त्या थांबण्याला मी फार मोल देतो.

घाटात धुके होते आणि पाऊस भुरभुरत होता. हवा इतकी दमट होती की घाम वाळतच नव्हता, आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. उन्हाळ्यात कोरड्या चाळिशीपारच्या तापमानाला सरावलेल्या आमच्या शरीरांना ही निराळीच परीक्षा होती. मी दोघांच्या पुढे न धावता वैशालीताईंच्या शेजारी, दरीच्या बाजूने अर्धे पाऊल मागे धावत होतो, कारण पुढे धावणाऱ्याची पाठ पाहिली की माणूस नकळत तिचा पाठलाग करू लागतो. दर काही मिनिटांनी मी त्यांना साधा प्रश्न विचारत असे. ‘घरी कोण उठलं असेल आता?’ याला सुरुवातीला पूर्ण वाक्यात उत्तर आले. सहाव्या किलोमीटरच्या पुढे ‘सासूबाई’ एवढेच आले, तेव्हा मी घड्याळ न पाहता चालायला सांगितले. तीस पावले चालणे, खांदे सैल सोडणे, हात कमरेजवळ आणणे, पुन्हा धावणे. असे करूनही वळणबिंदूवर आम्ही एक तास एकवीस मिनिटांनी पोहोचलो. चढावर चालणे म्हणजे हार, हा समज किती चुकीचा आहे ते तिथे दिसले.

उताराची मात्र अनेकांना पुरेशी धास्ती नसते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच अंगाचे वजन पेलत असतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना चढापेक्षा जास्त इजा होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. श्वास हलका झालेला असतो, म्हणून ही झीज जाणवत नाही. गाव जवळ आले असताना वैशालीताईंच्या डाव्या पोटरीत गोळा आला. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पोटरीची गाठ कपड्यावरूनही दिसत होती. ‘भाऊ, तुम्ही मिलिंदसोबत जा, मी येते हळूहळू,’ त्या म्हणाल्या.

दोघांचा पेसर एकच असला की हा क्षण येऊ शकतो, हे मला ठाऊक होते आणि त्याचे उत्तरही मी आधीच ठरवले होते. ज्याच्याजवळ दम शिल्लक आहे त्याला सोडायचे. मिलिंदला मी म्हणालो, ‘जा आता, पावले लहान ठेव,’ आणि तो धुक्यात दिसेनासा झाला. ताईंचा पाय सरळ करून पंजा हलकेच गुडघ्याकडे ओढून धरला, मिठाचे पाणी घोटाघोटाने दिले, आणि गोळा उतरल्यावर आम्ही आधी चालत, मग संथ धावत पोलिस कवायत मैदानावर आलो. मिलिंदला दोन तास एकोणतीस मिनिटे लागली, आम्हाला दोन तास सदतीस. वैशालीताईंना ती सात मिनिटे बोचली, आणि ती बोचावीत असेच मला वाटते. ‘पूर्ण केलेत हेच खूप’ असे सांगून मी त्यांच्या मेहनतीला लहान केले नाही.

परतीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बराच वेळ चर्चा झाली ती उतारावरच. आजवर सेमिनरी हिल्सवर आम्ही चढ जोरात करायचो आणि खाली येताना गप्पा मारत चालायचो. आता मांड्यांचे दुखणे गेले की चढ चालत चढायचा आणि उतार मोजून, लहान पावलांनी धावायचा, असे ठरले आहे. वैशालीताईंनी त्यासाठी पहाटे साडेपाचची वेळ दिली आहे, आणि मिलिंदने ‘या खेपेला पेसर मी होईन’ असे स्वतःहून सांगितले आहे.