तुम्ही विचारलंत म्हणून : आम्ही फोनवर का बोलत नाही

"एक फोन लावायचा आणि ठरवून टाकायचं, त्यात काय एवढं!" गेली तीन वर्षं हे ऐकतेय. लेकीच्या बाबाशी मी फक्त ईमेलवर बोलते. का, ते एकदाच सांगते.

आधी त्या शब्दाचं. 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला, हा शब्द मी त्याच्यासाठी पूर्वी सर्रास वापरायचे, आता ओठावर आला तरी गिळते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेत त्या नावाच्या व्यक्तिमत्त्व-विकाराची नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान पाच असावी लागतात, आणि ती तज्ज्ञाने तपासून ठरवायची असतात. तो कुठल्याच तज्ज्ञाकडे गेलेला नाही. (चूक कायम दुसऱ्याचीच म्हटल्यावर जाईल कशाला?) मी घरबसल्या खुणा करून सात मोजली होती. तीच यादी माझ्यावर चालवली असती तर एखाद-दुसरं निघालंही असतं. असो.

शेवटचा फोन मीच केला होता. कामासाठी बाहेर जायचं होतं, म्हणून एका शनिवार-रविवारची अदलाबदल हवी होती. तो इतका गोड बोलला की मला माझीच लाज वाटली. "अगं, विचारायचं काय त्यात!" फोन स्पीकरवर होता, मुलगी शेजारीच चित्र रंगवत बसली होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिला आणि तिची बॅग घेऊन मी त्याच्या दारात. दार अर्धंच उघडलं. "आज? आज कुठं ठरलं होतं?" माझा आवाज चढला. तो शांत. तो शांतच असतो, म्हणून तर बघणाऱ्याला डोकं फिरलेली मीच दिसते. मग तो खाली गुडघ्यांवर बसला, तिच्या उंचीला आला आणि मायेने म्हणाला, "बाळा, तूच सांग. आईचं नि माझं असं काही ठरलं होतं?"

नऊ वर्षांची पोर. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बॅगेची चेन मागेपुढे करत म्हणाली, "मला नाही आठवत."

तिला शब्द न् शब्द आठवत होता.

इथवरचं मी पुष्कळांना सांगितलंय. पुढचं नाही. त्या रात्री तिला झोपवताना मी विचारलं, "तू ऐकलं होतंस ना? मग बोलली का नाहीस?" एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्यांदा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दारात त्याने तिला साक्षीदार केलं आणि घरी मी तिची उलटतपासणी घेतली. मी दमलेली होते, अपमान झाला होता, माझंच खरं होतं. ही तिन्ही कारणं मी स्वतःला आजही देते. पुरत नाहीत.

सोमवारपासून ईमेल सुरू केले. समुपदेशक याला समांतर पालकत्व म्हणतात : आपापल्या घरात आपापली रीत, मध्ये कामापुरता लेखी मजकूर. बिल एडी या अमेरिकन वकिलाने अशा उत्तरांची चौकट सांगितली आहे : थोडक्यात, माहितीपुरतं, सौजन्याने, ठाम. सौजन्य सोडून बाकीचं मला लगेच जमलं. "शनिवारी दहाला आणते. औषध बॅगेत आहे, दिवसातून दोनदा." त्याचं पानभर उत्तर येतं. त्यातली वेळ तेवढी मी उचलते, बाकीचं तसंच पडू देते. बहुतेक वेळा. दोन-तीनदा रात्री एक वाजता मीही पानभर लिहिलंय.

"पण बापापासून तोडताय" म्हणणाऱ्यांना : भेट मी एकदाही अडवलेली नाही. मुलाच्या हिताला बाधा नसेल तर दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातही लिहिलंय. हक्क तिचा, तो मी कोण काढून घेणार? मी फक्त तिला मधून बाजूला काढलं. काढलं असं मला वाटत होतं.

आता ती बारा वर्षांची आहे. परवा टेबलावर चिठ्ठी होती : "गुरुवारी सहल. सही हवी. सहाला परत." मी आतल्या खोलीतच होते.