आमची वाटचाल : कमिशनच्या आकड्याआधी अटींचा कागद

२०१९च्या दिवाळीत मोठ्या जाऊबाई आणि मी, आम्ही दोघींनी साताऱ्यात घरूनच काम सुरू केलं. मिक्सर, घरघंटी, पुरणयंत्र स्वतः वापरायचं, त्याबद्दल मराठीतून खरंखरं सांगायचं आणि खाली खरेदीची लिंक द्यायची. लिंकवरून कुणी वस्तू घेतली की कंपनी आम्हाला कमिशन देते. या अ‍ॅफिलिएटच्या कामावरच आज आम्हा दोघींचा आणि एका मदतनीस मुलीचा पगार निघतो.

पहिल्या वर्षी आम्ही फक्त टक्के बघायचो. एक प्रोग्रॅम, म्हणजे कंपनीची कमिशन योजना, १२ टक्के देत होता, तो डोळे झाकून घेतला. सहा महिन्यांत खात्यावर ४,३०० रुपये दिसायला लागले, पण बँकेत रुपयाही आला नाही. ५,००० झाल्याशिवाय पैसे काढता येत नव्हते, आणि ग्राहकाने वस्तू परत केली की जमा कमिशन पुन्हा वजा व्हायचं. जरा वर गेलो की आकडा परत खाली. मग एक दिवस मेल आला, सात दिवसांत प्रोग्रॅम बंद. आमची रक्कम बुडाली. हे सगळं अटींच्या अकराव्या कलमात लिहिलेलं होतं. जाऊबाई लग्नाआधी पतसंस्थेत काउंटरवर होत्या. त्या रात्री त्यांनी अटींची प्रिंट काढून पेन्सिलीने रेघा मारल्या. म्हणाल्या, "अगं, पावती बघितल्याशिवाय आपण कुठे ठेव ठेवतो का?"

तेव्हापासून पैसे हातात कधी आणि कसे पडणार, हे आधी शोधतो. लिंक दाबल्यापासून किती वेळात झालेली खरेदी आमच्या नावावर धरतात, हेही बघतो. अ‍ॅमेझॉनवर लिंक दाबल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये गेली पाहिजे. चाळणी, किसणी त्यात बसते. घरघंटी अशी एका दिवसात कुणी घेत नाही. घरात चर्चा होते, सणाच्या ऑफरची वाट बघितली जाते. मधल्या काळात त्या ग्राहक बाईंनी एखाद्या कुपनवाल्या साइटवरून खरेदी केली, तर बहुतेक प्रोग्रॅममध्ये कमिशन शेवटच्या क्लिकवाल्याला जातं. महागड्या वस्तूला म्हणूनच आम्ही जास्त दिवसांची मुदत मागतो.

सामील व्हायलाच पैसे मागितले, तर विषय तिथेच संपतो. वस्तू विकण्याऐवजी माणसं जोडण्याचे पैसे मिळत असतील तर ती पिरॅमिड योजना. २०२१च्या थेट विक्री नियमांनी तिला मनाई आहे. कंपनीने टीडीएस, म्हणजे आमच्या कमिशनमधून आधीच आयकर, कापला तर तो आयकर खात्याच्या नोंदीत आमच्या नावावर दिसतो का, हे जाऊबाई दर तिमाहीला तपासतात.

पण सगळ्यात मोठी परीक्षा वस्तूचीच. गेल्या वर्षी एका घरघंटीवर १५ टक्के मिळणार होते. आम्ही ती स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि दोन किलो बाजरी टाकली. पहिलं किलोभर पीठ छान आलं. पुढचं मात्र हाताला चटका बसेल इतकं गरम. जाऊबाईंनी त्याच पिठाची भाकरी थापायला घेतली, तर ती कडेने चिरत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दळून बघितलं, तेच. बारामतीच्या एका ताईंनी भिशीचे पैसे आल्यावर कोणती घरघंटी घेऊ, असं आम्हाला विचारलं होतं. त्यांना ही घ्या म्हणायला जीभ रेटेना. लिंक दिली नाही. त्या महिन्यात हिशेब ओढाताणीचा झाला, तरी निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं.

लिंकमधून आम्हाला कमिशन मिळतं, हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगतो. सांगितल्यामुळे विक्री घटली, असा अनुभव आम्हाला आलेला नाही.

सध्या एका मिक्सरवाल्या कंपनीचा प्रस्ताव आलाय. मिक्सर चांगला आहे. ओल्या खोबऱ्याचं वाटण लोण्यासारखं होतं. आम्ही तीन प्रश्न पाठवले. मुदत ३० दिवस आणि किमान रक्कम १,००० ही उत्तरं आली. प्रोग्रॅम बंद केला तर आमचे साठलेले पैसे देणार का, याचं उत्तर अजून यायचंय. तोवर लिंक थांबवली आहे.