प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करायचा असेल तर थेट नागपूर गाठा, तालुक्यात देऊ नका

घाटंजी-आर्णीकडच्या जुन्या महिंद्रा मेजर जीपवाल्यांसाठी लिहितोय. माझ्या जीपमध्ये पाच गिअरचा बॉक्स बसवला, तो जुन्यापेक्षा लांब, म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता पाइप) कापून आखूड करावा लागला. इथपर्यंत सगळे मिस्त्री सांगतात, पुढचं कोणी सांगत नाही.

तालुक्याच्या एका वर्कशॉपने "भाऊ, कापून, वेल्डिंग मारून, बॅलन्स करून देतो, टेन्शन कायले घेता" म्हणत 4500 घेतले, त्यातले 1500 नुसत्या बॅलन्सिंगचे. गाडी 45 पर्यंत गुमान चालली, 55 ला फ्लोअर थरथरायला लागला आणि 65 ला आरशात मागची गाडी दिसेना. खाली घुसून पाहिलं तर बॅलन्सिंगच्या नावाखाली पाइपवर एक होज क्लिप आवळलेली! क्लिप फिरवून जड बाजू शोधायचा जुगाड रस्त्यात अडकलेल्या माणसासाठी ठीक आहे, पण त्याचे 1500 घेणं ही सरळ लूट आहे. जाब विचारला तर म्हणे "रोडच खराब हाय". अरे, रोडचा हादरा खड्ड्याखड्ड्याला बसतो, शाफ्टचा हादरा स्पीडबरोबर वाढतो, स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट. आणि डिफचा (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलचा) रेशो पाचच्या आसपास असला तर चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट पाचदा फिरतो, म्हणून थोडाही फरक लगेच कळतो.

शाफ्ट काढून एसटीत टाकला. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, नागपूर. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं, बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, ऊन मात्र मे महिन्याचं होतं. गणेशपेठ बसस्टँडहून ऑटोने वाडीकडे गेलो, तिकडे ट्रकवाल्यांची कामं चालतात, विचारत विचारत शाफ्टवाला सापडतो.

त्या मिस्त्रीने शाफ्ट हातातही न तोलता सरळ मशीनवर चढवला, पाइपला डायल गेज (वाकडेपणा मोजायचं काट्याचं मीटर) टेकवला आणि हाताने हळूहळू फिरवला. काटा दोन मिलिमीटरच्या वर झुलला. म्हणाला, "याले पट्ट्या लावून काई होत नाई, पाइपच वाकडा हाय." एका बाजूला वेल्डिंग जास्त ओतल्यामुळे पाइप ओढला गेला होता. वरून दोन्ही टोकांचे योक (सांध्याची दुबेळकी टोकं) एका रेषेत नव्हते, स्प्लाइनमध्ये (शाफ्टच्या सरकत्या जोडाच्या दात्यांत) एक-दोन दाते पुढे बसवलेले. असा शाफ्ट कितीही बॅलन्स केला तरी प्रत्येक फेऱ्यात दोनदा धक्का देणारच. त्याने जुना पाइप फेकला, नवा कापला, योक ठोकून बसवले, आधी चार टाके मारले, गेज लावून सरळ केला, मगच गोल वेल्डिंग मारलं. नंतर मशीनवर पळवून दोन्ही टोकांचं रीडिंग वेगवेगळं घेतलं, खडूने खूण केली, नखाएवढी पत्र्याची पट्टी टाकली, परत पळवला. मी तिथे उभा राहून बघत होतो आणि इतकं बरं वाटलं की जेवायचं विसरलो. नवा पाइप, दोन क्रॉस (योकच्या सांध्यात बसणारे अधिकच्या चिन्हासारखे तुकडे), बॅलन्सिंग सगळं मिळून 5200. म्हणजे तालुक्याचे 4500 पाण्यात.

जाणाऱ्यांनी एवढं करा. माप घ्यायचं तर गाडी चाकांवर उभी असताना फ्लँज ते फ्लँज (शाफ्टची टोकं बोल्टने जोडतात त्या चकत्या) घ्या, जॅकवर घेतलेलं माप चुकतं कारण मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग खाली लोंबतं. स्लिपमध्ये (त्याच सरकत्या जोडात) इंचभर तरी जागा आत जायला ठेवा. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि स्लिपवर पंचाने खुणा मारा, तशाच जोडीने परत बसवायचा. क्रॉसचे कप टेपने बांधा, नाहीतर एसटीत आतल्या बेअरिंगच्या सुया सांडतील. बॉक्सची मागची फ्लँज आणि डिफची फ्लँज समांतर आहेत का ते मोबाइलच्या अँगल अ‍ॅपवर बघा, स्प्रिंगच्या पाट्याखाली ब्लॉक टाकून उचललेल्या गाड्यांत नव्वद टक्के घोळ इथेच असतो असं माझं मत आहे, अशा वेळी टेपर पाचर टाकावी लागते.

आणि मिस्त्रीला पहिला प्रश्न एकच, "मशीन दाखवा." टायर बॅलन्सिंगचं मशीन दाखवलं तर तिथून निघा. बसवताना बोल्ट आणि लॉक नट नवे घ्या, क्रॉसला ग्रीस मारा, शे-दीडशे किलोमीटरनंतर परत एकदा आवळा. माझी आता 80 ला गप्प चालते.