आमची वाटचाल: भीमाची गदा आणि साठ मिनिटांची कॅसेट

परळला वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं. आधी सीडी आली, मग मोबाईल आला, आणि गिऱ्हाईक आमच्याकडे फक्त चार्जर मागायला येऊ लागलं. शटर खाली ओढण्याऐवजी मी मालिकावाल्यांना जुन्या वस्तू भाड्याने द्यायला लागलो. व्हॉल्व्हचे रेडिओ, तांब्याचे बंब, पितळी डबे. सेटवर याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. बँकेत ‘प्रॉपर्टी भाड्याने देतो’ म्हटलं की साहेब फ्लॅटचे कागद मागतात, ते वेगळंच.

त्यातून पुढे ‘महाभारत’ मालिकेच्या वस्तू शोधणारे शौकीन गाठ पडले. बी. आर. चोप्रांची मालिका, २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, ९४ भाग. रविवारी सकाळी आमची चाळ एकाच खोलीत कोंबलेली असायची. त्या वेळची पोरं आता कमावती झालीत. कुणाला मुकुट हवा, कुणाला भाता. गदा तर सगळ्यांनाच हवी.

चोर बाजारातल्या जुम्मा बाजारात पहाटे गेलात तर गदा मिळेल, आणि प्रत्येक गदा ‘प्रवीणकुमारच्या’, म्हणजे मालिकेतल्या भीमाच्या, ‘हातातली’ असेल. पहिली मी विश्वासाने घेतली. घरी आणून सोनेरी रंग खरवडला. खाली चंदेरी, त्याखाली तपकिरी, आणि त्याखाली कागदाचा लगदा. एके ठिकाणी वर्तमानपत्राचा तुकडा नीट वाचता येत होता: साल १९९६. पुढच्या शुक्रवारी विक्रेत्याला दाखवलं, तर तो शांतपणे म्हणाला, “मग दुसऱ्या भीमाची असेल.” चूक नव्हतीच त्याची. सेट उतरला की वस्तू फेकत नाहीत, रंग बदलून पुढच्या सेटवर जातात. त्यानंतर मूळ भाग थांबवून थांबवून पडद्याशी ताडून पाहिल्याशिवाय मी कुठल्याच वस्तूला मालिकेचं नाव लावत नाही. त्यापायी धंदा बुडतो, बुडू दे. ती गदा आता शाळांच्या स्नेहसंमेलनांना जाते.

संगीताचं काम याहून अवघड. राजकमल यांच्या संगीतातलं महेंद्र कपूर यांनी गायलेलं शीर्षकगीत सहज मिळतं. लोकांना हवं असतं प्रसंगांमागचं. दुसऱ्याचं संगीत विकण्याच्या भानगडीत मी पडत नाही. गिऱ्हाइकाने घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून भरलेली कॅसेट असेल, तर तीच साफ करून देतो. बुरशी पुसायची, फीत दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडला असेल तर नवा बसवायचा, फीत वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवायचा.

सांगलीच्या एका निवृत्त बाईंची कॅसेट आली होती, सी-साठ. म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, आणि भाग पाऊण तासाचा. हरीश भिमाणींच्या आवाजातला निवेदक ‘समय’ ऐन वाक्यात तुटतो आणि मागून पोराचा आवाज येतो, “उलटी कर, उलटी कर!” मी घरघर काढली, आणि हौसेने कुकरच्या तीन शिट्ट्याही काढून टाकल्या. चौथ्या दिवशी फोन.

“अहो, आईच्या शिट्ट्या कुठं गेल्या?”

पुन्हा बसलो, पैसे न घेता. आता पावतीवरच रकाना केलाय: घरातले आवाज ठेवायचे की काढायचे. ‘काढा’वर अजून एकानेही खूण केलेली नाही.