डिसमिस कुठाय?

माहेरी हा प्रश्न फक्त बाबांना विचारायचा असायचा. हत्यारांचा डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कपाटावर पार वर, आणि मी हात लावला की "अगं पडेल काहीतरी पायावर". भावाच्या पायावर पडायचं नाही बहुतेक. तर पस्तिशी ओलांडली, होम लोनचे हप्ते भरायला लागले तरी मला पाना वेगळा आणि पक्कड वेगळी हे नीट माहीत नव्हतं, खरं सांगते.

मग बेसिनचा नळ गळायला लागला. रात्री दोनला टप टप टप. प्लंबरदादा "उद्या येतो ताई" म्हणाले आणि नऊ दिवस त्यांचा उद्या काही उजाडला नाही. दहाव्या दिवशी मी सुट्टीच टाकली. बेसिनखाली मान घालून अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद करायची छोटी चावी, फिरवायला गेले तर हलेचना, आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षाराने पार जाम झालेला. मग गच्चीवर. तिथे चार व्हॉल्व्ह ओळीने, एकावरही नंबर नाही, अंदाजाने एक फिरवला तर दोन मिनिटांत खालच्या काकूंच्या लेकाचा फोन, की आई साबण लावून उभी आहे आणि पाणी गेलं. (आता चारही व्हॉल्व्हवर मी नेलपॉलिशने फ्लॅट नंबर टाकलेत, दुसरं काही करू नका पण एवढं कराच, पाणी कुठून बंद होतं ते घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.)

खाली येऊन नळाच्या डोक्यावरची लाल-निळी टिकली नखाने उचकटली, खाली बारका स्क्रू, तो काढल्यावर मूठ निघाली आणि पान्याने आतला स्पिंडल, म्हणजे नळ उघड-बंद करणारा भाग. सासूबाई मागे उभ्या राहून सांगत होत्या, वायसर गेलं असणार, वायसर बदल. पण हा अर्ध्या फेऱ्यात चालू-बंद होणारा नळ, त्यात वायसर नसतंच, सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, त्या खराब झाल्या की सरळ अख्खा स्पिंडल बदलायचा.

तो रुमालात गुंडाळून पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ताई साहेबांना पाठवा ना, साइज चुकेल. मी काही बोलले नाही, रुमाल काउंटरवर सोडला. त्याने वरचे दाते मोजले, लांबी बघितली आणि गुपचूप तसाच काढून दिला. 180 रुपये. जुना पार्ट हातात असला ना की कुणाला फार बोलता येत नाही.

घरी येऊन बसवला, थांबला नळ. मी तर नाचायचीच बाकी होते, पण सासूबाई एकदम थंड. म्हणाल्या, रॉकेलचा स्टो तुंबला की पिन कोण मारायचं? पंप हवा धरेना झाला की चामड्याचं वायसर काढून तेलात भिजवून परत कोण घालायचं? तुझे सासरे? मला हे कधी सुचलंच नव्हतं. त्याला कुणी रिपेअरिंग म्हटलं नाही, स्वयंपाकातच धरलं, म्हणून त्यांचा कधी डबा झाला नाही.

माझा झालाय. आधी ऑनलाइन एक गुलाबी सेट मागवून फसले, "फॉर लेडीज", तिसऱ्याच स्क्रूला डिसमिसचं टोक गोल. काय करायचंय गुलाबी रंगाला! मग सेटचा नाद सोडला, जसं काम निघालं तशी एकेक वस्तू घेतली. दोन डिसमिस, चपटा आणि फुलीवाला, जरा जाड दांड्याचे, कारण दांडा जाड असला की मनगट दुखत नाही. पक्कड, ॲडजस्टेबल पाना, मेजर टेप, एम-सील, टेफलॉन टेप. टेपची गंमत म्हणजे पहिल्यांदा जेट स्प्रेच्या पाइपला मी उलटीच गुंडाळली, फिटिंग फिरवताना सगळी चोळामोळा होऊन बाहेर. आटे आपल्याकडे तोंड करून धरायचे आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, ताणून.

आणि टेस्टर, पॉइंटला वीज आहे का ते दिवा लागून दाखवणारा. याची मला अजूनही थोडी भीती वाटते, कारण तो दिवा पेटतो तो आपल्याच अंगातून जाणाऱ्या करंटवर, आत मोठा रेझिस्टन्स असतो म्हणून जाणवत नाही इतकंच. त्यामुळे ओल्या हाताने अजिबात नाही, आणि आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून बघायचा, कारण टेस्टरच बिघडलेला असेल तर मेलेला पॉइंट आणि जिवंत पॉइंट सारखाच दिसतो. हॉलचा पंखा म्हाताऱ्यासारखा फिरत होता त्याचा कंडेन्सर मी बदलला, नुसतं बटण बंद करून नाही, एमसीबी (बोर्डावरची मुख्य कळ) पाडून, आणि वर टेस्टर लावून. 2.5 मायक्रोफॅरड, जुन्यावर लिहिलेलं असतं तेवढाच घ्यायचा, तपकीर गल्लीत शंभराच्या आत मिळतो. पंख्याला चार पाती आहेत असं वाटायला लागलं होतं, ती परत दिसेनाशी झाली.

गीझर मी उघडत नाही. गॅसच्या नळीवर लिहिलेली तारीख बघते, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघते, पाच वर्षं झाली की नळी बदलायला माणूस बोलावते, पुढे हात नाही लावत. नवरा विचारतो मग तेवढंच का सोडलंस, म्हटलं तू कर.

पाना सध्या घरात नाहीये. खालच्या काकूंनी नेलाय, त्यांना किचनचा नळ स्वतः खोलायचाय म्हणे, तीन आठवडे झाले. मागायला जायचंय, पण साबणाचं प्रकरण आठवून जीभ उचलत नाही.