नव्या कोंबड्या खुराड्यात जात नव्हत्या : माझा अनुभव

"संध्याकाळ झाली की कोंबड्या आपोआप खुराड्यात जातात, त्यात काय शिकवायचं" हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता कोणी म्हटलं तरी राग येतो. जातात, पण ज्यांना ते खुराडं आपलं वाटतं त्या जातात. कालपरवा आणलेल्या पक्ष्याला काय माहीत आपलं घर कुठंय.

आमचं गाव चोपड्याकडचं. माझ्याकडे गिरिराज (जड अंगाची सुधारित जात) आणि थोड्या गावरान अशा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आहेत. त्यांचं खाणंपिणं, औषध यात काही अडलं नाही म्हणून ते लिहीत नाही, फक्त घेताना राणीखेत रोगाची लस झालीय का ते विचारून घ्या. सगळं अडलं ते दिवस मावळताना.

दिवसभर मस्त खळ्यात फिरायच्या, मावळतीला खुराड्याच्या दारापर्यंत यायच्या पण, मान आत घालून बघायच्या आणि परत फिरायच्या. गावरान सरळ लिंबाच्या फांदीवर, आणि गिरिराज जड असतात त्यांना तेवढं उडता येत नाही तर त्या भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर ढीग करून बसायच्या. आमच्याकडे मुंगूस आहे, रानमांजर आहे, रात्री बाहेर राहिलेली कोंबडी सकाळी दिसेलच याचा भरोसा नाही. आणि शेजारच्या आक्कांच्या कोंबड्या दिवसभर माझ्याच अंगणात दाणे खाऊन उजेड कमी झाला की रांगेने आपल्या घरी, कोणी हाकलायचं काम नाही. ते बघून जीव तुटायचा.

शेवटी आक्काच म्हणाल्या, "त्यासले आठ दिन कोंडी ठेव, बाहेर काढूच नको, मंग त्यासले समजी घर कोठे शे." हे अगदी खरंय. कोंबडी जिथं सलग काही रात्री झोपली ती जागा धरते. आणि हॅचरीतून आलेली पिल्लं तर बल्बखाली, भुशावर वाढलेली असतात, अंधार म्हणजे काय, दांडीवर बसायचं म्हणजे काय हे त्यांना दाखवायला आईच नसते. म्हणून आठवडाभर दाणापाणी सगळं आतच द्यायचं. नंतर पहिल्यांदा सोडाल तेव्हा सकाळी सोडू नका, दिवस मावळायच्या तासभर आधी सोडा म्हणजे लांब जात नाहीत, आणि त्या दिवशी दुपारचा दाणा कमी ठेवून संध्याकाळचा खुराड्यात टाका.

पण कोंडायचं कशात? इथं माझं खरं घोडं अडलं आणि याचा राग अजून गेलेला नाही. खुराडं मी तालुक्याच्या गावाला एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं होतं. मी त्याला हवा खेळायला जाळी सांगितली होती, त्याने चारी बाजूंनी पत्रा मारून दिला, समोर वीतभर जाळी, आत बसायला गोल लोखंडी पाइप, आणि वर मला सांगतो की ताई मजबूत काम आहे, मुंगूस काय वाघ आला तरी हलणार नाही. अहो पण खानदेशातला एप्रिल-मे आहे, जळगावचा पारा ४४-४५ ला जातो, पत्रा संध्याकाळी सातलासुद्धा हात लावू देत नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकून अंग गार करते, तिने त्या भट्टीत जायचंच कशाला? मी स्वतः आत हात घालून बघितला तेव्हा कळलं की ह्या हट्टी नाहीत, शहाण्या आहेत. त्याला परत बोलावलं तर आज येतो उद्या येतो, फोन उचलणं बंद. पैसे आधी पूर्ण देऊ नका कोणालाही, हे आधीच लिहायला पाहिजे होतं.

मग गावातल्या सुताराकडून दोन बाजूंचा पत्रा कापून घेतला, तिथं बारीक भोकांची जाळी मारली (मोठ्या भोकांतून साप येतो आणि मांजराचा पंजा आत जातो). वरून पत्र्यावर तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा जाड थर, त्यावर गोणपाट, दुपारी पाणी मारायचं. पाइप काढून बाभळीची दांडी टाकली, साधारण दोन इंच रुंद, वरच्या कडा तासून गोल केलेली, कारण कोंबडी पाय पसरून, पोट पायांवर टेकवून झोपते, गुळगुळीत पाइपवर तिला पकड मिळत नाही. एका कोंबडीमागे एक वीत जागा धरा. गिरिराजसाठी दांडी दीड-दोन फुटांच्या वर नको, सकाळी जड अंगाने उडी मारतात आणि तळपायाला लागून सूज येते. अंडी घालायची पेटी दांडीपेक्षा खाली पाहिजे, नाहीतर उंच जागा म्हणून पेटीतच झोपतात आणि सगळी घाण अंड्यांना.

एवढं केलं, आत कोंडल्या, आठवडा नीट गेला, सोडल्या, आणि परत तेच! दारात येऊन थांबायच्या. आता तर आत गारवा होता. मी तिथंच खाट टाकून रोज बघत बसले तेव्हा लक्षात आलं की बाहेर अजून उजेड असतो तेव्हा आत पूर्ण काळोख झालेला असतो. कोंबडीला कमी उजेडात नीट दिसत नाही, जिथं दिसत नाही तिथं ती पाय टाकत नाही, आणि मावळतीला ती उजेडाकडे जाते. आत दांडीच्या वर एक बारीक बल्ब लावला, आणि त्याच संध्याकाळी एक गिरिराज आत गेली, तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. मला खरंच रडू आलं. बल्ब बॅटरीवाला घ्या, आमच्याकडे लाईट नेमकी त्याच वेळेला जाते. सगळ्या दांडीवर बसल्या की बंद करा, रात्रभर ठेवू नका, त्यांनाही अंधारात झोप लागते. आणि त्या खाली असताना बंद केलात तर जिथं आहेत तिथंच रात्रभर बसून राहतील. सवय झाली की बल्ब लागत नाही.

गावरान दोघी तरी लिंबावरच. त्यांना पूर्ण अंधार पडू द्यायचा, मग त्या हलत नाहीत, शिडी लावून दोन्ही पंखांवरून हात घालून उचलायचं आणि थेट दांडीवर बसवायचं. खाली भुशावर सोडलं तर उपयोग नाही. रोज करायचं, एकही रात्र सोडायची नाही, एक रात्र झाडावर झोपू दिलं की परत पहिल्यापासून. पंख कापा असं काही जण सांगतात, मी नाही कापले, मुंगूस मागं लागलं तर तिला उडून जीव वाचवता आला पाहिजे.

अजून एक, दारात एखादी दांडगी उभी राहून बाकीच्यांना टोचते, आत येऊ देत नाही. तिला शेवटी आत घ्या किंवा दार रुंद करा.

आणि नीट जाणाऱ्या कोंबड्या अचानक जायला नाही म्हणाल्या तर ओरडू नका, रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या खालची बाजू आणि फटी बघा. बारीक लाल किडे दिवसा तिथं लपतात आणि रात्री त्यांचं रक्त पितात. पांढरं फडकं दांडीच्या खालून फिरवा, लाल ठिपके आले तर तेच आहेत. सगळं बाहेर काढून उन्हात टाका, फटी गरम पाण्याने धुवा, चुना मारा, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच औषध फवारा.