मूर्तींवरचा अनुस्वार

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आजचा अख्खा दिवस एका अनुस्वारापायी गेला. पेणच्या गणपती कारखानदारांसाठी आम्ही मागणी नोंदवायचं अ‍ॅप करतोय. त्यांच्यातल्या एका काकांनी सकाळी स्क्रीनशॉट पाठवला. "ताई, बटणावर 'मूर्तीची मागणी' दिसतंय. आमच्याकडं दुकानदार पन्नास-पन्नास मूर्ती सांगतात, मग एकाच मूर्तीची का?" मी कोड उघडून पाहिला. शब्द बरोबर होता, 'मूर्तींची'. अनुस्वार स्क्रीनवर कापला जात होता.

'र्तीं' या एका अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे बसतात. इंग्रजी अक्षरांना एवढी उंची कधी लागतच नाही. आमची डिझाइनं इंग्रजी मजकुरावर बेतलेली, आणि तो मजकूर बटणात बरोबर मधोमध यावा म्हणून टेक्स्टव्ह्यूचं, म्हणजे अँड्रॉइडमध्ये मजकूर दाखवणाऱ्या घटकाचं, इन्क्लूड-फॉन्ट-पॅडिंग मीच बंद केलं होतं. ते बंद केलं की ओळीच्या वर-खाली राखलेली जास्तीची जागा जाते. त्यात बटणाची उंची डीपीमध्ये, म्हणजे अक्षरं मोठी केली तरी न बदलणाऱ्या मापात, पक्की बांधलेली, आणि काकांनी फोनमधली अक्षरं मोठी केलेली. अक्षरं एसपीत, म्हणजे फोनमधल्या अक्षरांच्या आकाराबरोबर बदलणाऱ्या मापात, म्हणून ती वाढली, चौकट होती तेवढीच राहिली.

शिवाय त्यांचा फोन अँड्रॉइड ८ चा. अँड्रॉइडच्या नेहमीच्या रोबोटो फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून अक्षरं नोटो या दुसऱ्या फॉन्टमधून येतात, पण ओळीची उंची मात्र रोबोटोच्या मापानं ठरते. २०१८ साली अँड्रॉइड ९ आलं तेव्हा पर्यायी फॉन्टची उंची धरायची सोय झाली. माझ्या नव्या फोनवर सगळं नीट दिसत होतं ते त्यामुळे. चाचणीसाठी जुना फोन हाताशी ठेवला नाही, याचं फार वाईट वाटलं. अनुस्वार गेला की अनेकवचन जातं. मागणीच्या अ‍ॅपमध्ये ही बारीक चूक नव्हे.

दुपारी टेक्स्टव्ह्यूवरून आमचा स्वतःचा वेगळा क्लास, म्हणजे मजकूर दाखवणारा आमचाच घटक, लिहिला. पॅडिंग चालू, पक्क्या उंचीऐवजी किमान उंची, आणि नोटो देवनागरी अ‍ॅपमध्येच टाकला. मग बटणांकडे वळले. मटेरियल या गूगलच्या डिझाइनसंचातल्या जुन्या बटणशैलीत अक्षरांमधलं अंतर आधीच वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते शोभतं, पण आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्य केलं.

शेवटी टेक्स्ट-लोकेल, म्हणजे मजकुराची भाषा सांगणारं सेटिंग, मराठी केलं. फोनची भाषा इंग्रजी असली की ल आणि श हिंदी वळणाचे उमटत होते. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. मराठी लिपीबद्दलच्या २००९ च्या शासन निर्णयातला पाकळीचा ल आणि देठाचा श स्क्रीनवर आला तेव्हा मी खुर्चीतून उठले. लहानपणी पाटीवर गिरवलेला ल होता तो.

संध्याकाळी नवी आवृत्ती काकांना पाठवली. अक्षरं सर्वांत मोठी करून बघा म्हटलं. दहा मिनिटांत स्क्रीनशॉट आला, 'मूर्तींची मागणी'. खाली त्यांनी लिहिलं होतं, "आता 'दुसऱ्या कारखान्यांची यादी' पण बघा, तिथं खालची ओळ वरच्या ओळीला टेकतेय."

उद्या ओळींमधलं अंतर.